बाई मार्चमध्ये गेल्या

त्या गुरुवारी माझ्या मुलीचं वजन पाच किलो आठशे भरलं, आणि त्याच खोलीत, त्याच पाच मिनिटांत मला कळलं की मी बहुतेक एका जिवंत बाईला मारून ठेवलं आहे.

वजनाचं आधी सांगते, कारण ते मी आधी ऐकलं. सात महिन्यांच्या मुलीला पाच किलो आठशे म्हणजे कार्डावरच्या खालच्या रेषेच्या खाली. फार नाही, पेन्सिलीच्या टोकाएवढं. पण पेन्सिलीचं टोक डोळ्यात गेलं तरी पुरतं.

आमच्याकडच्या आरोग्य केंद्रात प्रत्येक बाळाला असं एक घडीचं कार्ड मिळतं. त्यावर दोन वळणदार रेषा असतात, एक वरची, एक खालची, आणि दर वेळी वजन केलं की नर्स तिथे ठिपका देते. वरच्या रेषेचं काय ते कुणी विचारत नाही. बाकावर रांगेत बसलेल्या सगळ्या आयांचे डोळे खालच्या रेषेवर. या रेषा फार वर्षांपूर्वी एका संख्याशास्त्रज्ञ बाईंनी आखल्या. नर्समंडळी त्यांना ‘रेषेच्या बाई’ म्हणतात. मला हे सगळं माहीत होतं, कारण दोनच आठवड्यांपूर्वी मी त्यांच्यावर साठ शब्द लिहिले होते. भूतकाळात.

मी वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीत काम करते. वर्ष संपताना आम्ही एक अख्खं पान काढतो. छापील मथळा ‘सरत्या वर्षात हरपलेले’, पण कचेरीत सगळे त्याला गेलेल्यांचं पान म्हणतात. यंदा एकतीस जण होते. धरणं बांधणारे एक अभियंता, अडथळ्यांच्या शर्यतीतली धावपटू, नुसत्या शेवाळावर चाळीस वर्षं काढलेले वनस्पतिशास्त्रज्ञ, पोटातून आवाज काढणारे एक कलाकार, रेडिओवर हवामान सांगणारे गृहस्थ. प्रत्येकाच्या मजकुराआधी ठळक अक्षरांत क्षेत्र, मग साठ शब्द. मी प्रत्येकाचं वय आधी बघायची, मग मागे मुलं किती राहिली ते, मग ती केवढी होती ते. धावपटूचा मुलगा चार वर्षांचा होता. तिचे साठ शब्द लिहायला मला दोन दिवस लागले.

वर्षभराची कात्रणं आणि चिठ्ठ्या बुटांच्या एका खोक्यात पडत असतात. मी बाळंतपणाच्या रजेवरून ऑक्टोबरात आले, त्यामुळे आधीचं खोकं दुसऱ्यांनी भरलेलं. त्यात एक चिठ्ठी होती : ‘रेषेच्या बाई – गेल्या? (विचारणे)’. मी विचारलं. जुन्या नंबरवर कुणी उचलेना, म्हणून त्यांच्या घराखाली ज्या शिंप्याचं दुकान आहे त्याला फोन केला.

“वरच्या बाई...?” मी म्हटलं.

“बाई मार्चमध्ये गेल्या,” शिंपी म्हणाला.

“अरेरे.”

“हो ना. वरचं घर अगदी सुनं झालं बघा.”

आता सांगा, याउपर मी काय विचारायला हवं होतं? आपल्या भाषेत माणूस सहसा मरत नाही, जातो. ‘गेल्या म्हणजे कुठे?’ असं विचारणाऱ्याला लोक वेड्यात काढतील. आपण तर इतके भित्रे की दुकानात निघालो तरी ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो. मी शिंप्याकडून बाईंच्या स्वभावाबद्दल चार शब्द घेतले, आभार मानले, फोन ठेवला. बाईंच्या निधनाची दोन ओळींची बातमीसुद्धा कुठे आली नव्हती, तेव्हाच खटकायला हवं होतं. पण मला वाटलं, बायका गेल्या की बातमी येतेच असं कुठे आहे? आणि खोटं कशाला बोलू, या विचाराचं मला थोडं कौतुकही वाटलं.

तर त्या गुरुवारी नर्सनं मुलीला काट्यावरून उचललं, जुन्या कार्डावर ठिपका दिला आणि ते बाजूला सारून नवं कोरं कार्ड काढलं.

“आता हे घ्या. जुन्यात रेषा जाड आलेली. बाईंनी छापखान्याला असं खडसावलं म्हणता, गठ्ठेच्या गठ्ठे परत.”

“कुठल्या बाईंनी?”

“कुठल्या म्हणजे? रेषेच्या बाईंनी. अर्धा मिलिमीटर जाड रेषा म्हणजे किती मुलं इकडची तिकडे होतात, माहितीये का, म्हणाल्या.”

“कधी?”

“झाला की महिना. अहो, धरा हिला! पडेल ना.”

मी मुलीला धरलं. हात गार पडले होते, तिनं अंग चोरलं. महिना म्हणजे नोव्हेंबर. माझ्या साठ शब्दांत बाई मार्चमध्ये वारल्या होत्या.

“आणि हिचं काय?” मी विचारलं. “रेषेखाली आहे.”

“आहे. पण ठिपका मागच्यापेक्षा वर आहे ना? पुढच्या गुरुवारी या.”

“पण खाली का आहे?”

“पुढच्या गुरुवारी या हो,” नर्स म्हणाली आणि पुढच्या आईला हाक मारली.

पुरवणी दर गुरुवारी चार वाजता छपाईला सुटते. घड्याळात बारा वाजत आले होते. मुलीला पाळणाघरात सोडताना सांभाळणाऱ्या मावशी म्हणाल्या, “आज तुम्हीच रडवेल्या दिसताय, ही हसतेय.” मी नवऱ्याला फोन केला. तो कामात होता. “किती भरलं?” एवढंच विचारलं त्यानं. मी आकडा सांगितला. तो म्हणाला, “तराजू बरोबर होता ना?” बाईंचं मी काही बोललेच नाही. एका वेळी एकच.

कचेरीत पुरवणीच्या प्रमुख जागेवर नव्हत्या, वरच्या मजल्यावर बैठकीत होत्या. त्यांना आम्ही सगळे ताई म्हणतो, वयानं माझ्या आईएवढ्या असल्या तरी. माझं पान त्यांच्या टेबलावर पडलं होतं, तयार, शेवटची नजर टाकायला. तिसऱ्या स्तंभात, शेवाळवाल्यांच्या खाली, बाई. फोटो मिळाला नव्हता म्हणून त्यांच्या जागी त्या आलेखाचंच छोटं चित्र टाकलं होतं. मी ते बघत उभी राहिले.

शिंप्याला फोन केला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा केला. मग आठवलं, तो एक ते तीन दुकान बंद ठेवतो. मागच्या वेळी त्यानंच सांगितलं होतं, ‘जेवण आणि झोप, देव आला तरी उघडत नाही.’

आमच्याकडे एक मुद्रितशोधक आहेत. सगळ्यांच्या वेलांट्या काढतात म्हणून त्यांचं नाव काना-मात्रा. चष्म्यावरून बघत ते म्हणाले, “काय झालं? चेहरा पांढराफटक.”

“मुलीचं वजन,” मी म्हटलं.

खोटं नव्हतं. पण खरंही नव्हतं, आणि ते का नव्हतं ते मला पक्कं माहीत होतं. माझं कंत्राट एकतीस डिसेंबरपर्यंतचं. मुदत वाढवायची की नाही ते ताई ठरवणार. ऑक्टोबरपासून मी दोनदा लवकर निघाले, एकदा मुलीचा ताप, एकदा पाळणाघराला सुट्टी. आणि आता हे. मी खुर्चीत बसून डोक्यात वाक्यं जुळवत होते. ‘ताई, तिसऱ्या स्तंभात गर्दी होतेय, एक मजकूर काढू या का?’ असं सहज, कात्री हातात घेऊन. कुणाला कळणारही नाही. पण समजा शिंप्याचं बरोबर असलं, नर्सच वर्षाचा घोळ करत असली, तर मग मी एका मेलेल्या बाईला पानावरून हाकलणार. आणि समजा नर्सचं बरोबर असलं, तर रविवारी सकाळी बाई स्वतःचा मृत्युलेख वाचणार. दोन्हीकडून माझंच तोंड काळं. अडीचला ताई बैठकीतून उतरल्या, माझ्याकडे बघून हसल्या, आणि मीही हसले. हे मी स्वतःला माफ केलेलं नाही.

तीन वाजून चार मिनिटांनी शिंप्यानं फोन उचलला.

“मी मागे फोन केला होता, वर्तमानपत्रातून. वरच्या बाई मार्चमध्ये गेल्या म्हणालात.”

“हो, गेल्याच की.”

“म्हणजे... देवाघरी?”

“छे छे! भाच्याकडे! अहो मी स्वतः त्यांचं कपाट जिन्यावरून उतरवलं. पाठ अजून दुखतेय.”

“मग मी अरेरे म्हटलं तेव्हा तुम्ही बोलला का नाहीत?”

“मला वाटलं, तुम्हालाही त्यांची सवय झाली असेल. वारल्या त्या दुसऱ्या. काट्याच्या बाई. त्या दोघी राहायच्या ना वर. तुम्हाला कुठल्या हव्यात, जित्या की मेल्या?”

मी म्हटलं, जित्या. त्यानं भाच्याचा नंबर दिला आणि वर म्हणाला, “काही छापलंबिपलं नाही ना? पण तसं झालं तर आयुष्य वाढतं म्हणतात.”

भाच्याच्या घरी फोन पहिल्याच घंटेला उचलला गेला.

“छापखाना का?” बाईचा आवाज. कोरडा, घाईतला.

“नाही, वर्तमानपत्र. रेषेच्या... म्हणजे आलेखाच्या बाई आहेत का?”

“बोलतेय. काय चुकलंय?”

मी काहीतरी नीट बोलायचं ठरवलं होतं. तोंडातून आलं ते असं : “आमच्या वर्षअखेरीच्या पानावर तुमचं नाव आलंय. चुकून.”

“कसलं पान?”

“वर्षभरात... हरपलेल्यांचं.”

“किती शब्द?”

“साठ.”

“वाचा.”

मी वाचलं. ‘बालकांच्या वाढीचा आलेख एकहाती तयार करणाऱ्या...’ असं सुरू होऊन प्रत्येक वाक्य ‘होत्या’वर संपत होतं, आणि दर ‘होत्या’ला माझा आवाज खाली जात होता. ‘स्वभावानं मितभाषी होत्या’पाशी त्यांनी थांबवलं.

“मितभाषी कुणी सांगितलं?”

“खालच्या शिंप्यांनी.”

“त्याच्याशी नाही बोलत मी. मापं चुकवतो. बाकीचं ठीक आहे, पण ‘एकहाती’ धडधडीत खोटं. रेषा माझी. ठिपके तिचे.”

“कुणाचे?”

“काटा खांद्याला अडकवून अकरा वर्षं दारोदार फिरली ती. चार हजार आठशे मुलं. एकेक ठिपका म्हणजे एक रडणारं पोर, दारात उभी एक संशयी आई, आणि त्या आईला पटवणारी ही. मला साधं मूल नीट धरता यायचं नाही. ती संध्याकाळी वही आणून टेबलावर टाकायची, मी सकाळी रेषा ओढायची. नाव माझं लागलं. तुम्हाला जागाच भरायची ना? माझं काढा, तिचं घाला. फेब्रुवारीत गेली ती.”

मी पेन उचललं आणि थांबले. कालपर्यंत मी हे वाक्य ऐकून ‘अरेरे’ म्हटलं असतं.

“बाई, माफ करा. गेल्या म्हणजे...”

“म्हणजे काय?”

“मला स्पष्ट विचारावं लागतंय. तुमच्या बाबतीत मी विचारलं नाही, म्हणून हे झालं. वारल्या का?”

माझ्या मागे कुणीतरी खुर्ची सरकवली.

“मेली,” बाई म्हणाल्या. “नऊ फेब्रुवारीला, सकाळी सव्वासातला. आणखी स्पष्ट हवंय?”

“नको.”

“लिहून घेतलंत?”

“हो.”

“दाखला आहे. भाचा फोटो काढून पाठवेल. झालं?”

झालं होतं. फोन ठेवायला हवा होता, तीन बावीस झाले होते. पण मी विचारलं, “बाई, खालच्या रेषेखाली...”

“किती महिन्यांची?”

“सात. तुम्हाला कसं...”

“‘खालची रेषा’ म्हणताना सगळ्या आयांचा आवाज सारखाच होतो. किती?”

“पाच आठशे.”

“हं. शंभरातली तीन मुलं त्या रेषेखालीच असतात. असणारच, तिथे मुलं होती म्हणून तर मला रेषा काढता आली. त्या तिघांतलं कुठलं धडधाकट आणि कुठलं आजारी, ते रेषेला कळत नाही. मलाही नाही. ते तिला कळायचं, मूल हातात घेतलं की. डॉक्टरला दाखवा. मी आकडेवाली बाई. माझ्याकडून धीर मागू नका, मला येत नाही तो.”

त्यांनी फोन ठेवला. मी आणखी क्षणभर कानाला लावून बसले, मग उठले आणि ताईंच्या टेबलापाशी जाऊन सगळं सांगितलं. चिठ्ठी, शिंपी, नर्स, सगळं. मधे कुठे श्वास घेतला नाही, नाहीतर थांबले असते.

ताईंनी चष्मा काढला. “तुम्हाला संशय कधी आला?”

“बारा वाजता.”

“मग बारा वाजता का नाही सांगितलंत?”

“खात्री नव्हती.”

“बाई जिवंत आहे याची खात्री लागते होय तुम्हाला? मेल्याची नाही लागली?”

काना-मात्रांनी मान खाली घालून एकाच ओळीवर फार वेळ पेन फिरवलं.

“गाळा तो मजकूर,” ताई म्हणाल्या. “धावपटूचा फोटो मोठा करा. तेवढं भरून निघेल.”

“ताई, त्या जागी काट्याच्या बाई घालू या. त्या खरंच फेब्रुवारीत वारल्या. दाखला येतोय.”

“कोण ओळखतं त्यांना?”

“कुणीच नाही.”

“आणि पान कुणाचं आहे? नामवंतांचं. उद्या माझी शाळेतली शिपाईणही म्हणाल, घाला.”

मी पिशवीतून कार्ड काढून त्यांच्यापुढे ठेवलं. जुनंच, सात ठिपक्यांचं. का ठेवलं ते मला तेव्हा नीट सांगता आलं नाही. मी एवढंच म्हटलं, “हे घरोघरी आहे. या रेषा ज्या वजनांवर काढल्या ती सगळी त्यांनी घेतलीत. चार हजार आठशे. रेषेच्या बाई पानावर चालत होत्या, तर या का नाही?”

ताईंनी कार्ड जवळ ओढलं. बोट ठिपक्यांवरून सरकत शेवटच्यावर थांबलं.

“ही तुमची?”

“हो.”

“खाली आहे.”

“हो.”

त्यांनी घड्याळाकडे बघितलं. “वीस मिनिटं. साठ शब्द, एकही जास्त नाही. दाखला माझ्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय पान सुटणार नाही. आणि ‘मितभाषी’ लिहू नका, मेलेली प्रत्येक बाई तुमच्याकडे मितभाषी असते.”

मी लिहायला बसले. अकरा वर्षं, काटा, दारोदार, चार हजार आठशे. इतक्या घाईत मी आजवर काही लिहिलं नव्हतं आणि इतकी कमी विशेषणंही वापरली नव्हती. पंचावन्न शब्द झाले. तीन पन्नासला भाच्याचा फोटो आला. ताईंनी तो मोठा करून, बोटानं वरखाली करत, एकेक रकाना वाचला. नाव. तारीख, नऊ फेब्रुवारी. वेळ. मग बोट थांबलं.

“व्यवसायाच्या रकान्यात नुसती आडवी रेघ आहे.”

मी वाकून बघितलं. होती.

“मग आपण क्षेत्र काय छापायचं? सगळ्यांना आहे. अभियंता, धावपटू, वनस्पतिशास्त्रज्ञ. यांना काय?”

“परिचारिका?” काना-मात्रा म्हणाले.

“त्यांनी शिक्षण घेतलं होतं का त्याचं?” ताईंनी मला विचारलं.

माहीत नव्हतं. बाईंच्या भाच्याकडे फोन लावला, लागेना, कुणाशी तरी चालू होता. छापखाना असेल. तीन चोपन्न. ‘आरोग्यसेविका’ लिहिलं असतं तर कुणी हरकत घेतली नसती. शोभलंही असतं. पण ते खरं आहे का, ते मला माहीत नव्हतं, आणि शोभणाऱ्या गोष्टींनी त्या दिवशी मला पुरेसं खड्ड्यात घातलं होतं. जे माहीत होतं तेच मी लिहिलं.

“‘वजनं घेणाऱ्या’,” ताईंनी वाचलं. “हे क्षेत्र झालं?”

“त्यांनी तेच केलं, ताई. बाकीचं मला माहीत नाही.”

“लोक हसतील.”

“हसू देत.”

काना-मात्रांनी हळूच विचारलं, “‘वजनं’वर अनुस्वार ठेवू ना?” ताईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी तो ठेवला.

तीन अठ्ठावन्नला ताईंनी नवं पान माझ्यापुढे सरकवलं. तिसरा स्तंभ, शेवाळवाल्यांच्या खाली. आलेखाचं चित्र तसंच होतं, ते कुणी बदललं नव्हतं.

“तुमच्या मुदतवाढीचं सोमवारी बोलू,” त्या म्हणाल्या. “आता सांगत नाही, कारण आता मी रागात आहे.”

“हो.”

“आणि खाली सही करा.”

घाईत सही वेडीवाकडी आली, शेवटचं अक्षर चौकटीबाहेर गेलं. ताईंनी ती बघितली, कागद परत माझ्याकडे फिरवला आणि बोटानं शेजारची मोकळी जागा दाखवली.

“परत करा. वाचता येईल अशी. रविवारी लोकांचे फोन आले की कुणाला जोडून द्यायचे, ते खालच्या पोरांना कळायला हवं.”